किरणांचें सोंवळें-ओंवळें

गेल्या चैत्रांतली गोष्ट. आमच्या वडील वहिनींना स्तनाचा कर्करोग असल्याचें निघालें, शस्त्रक्रिया झाली, आणि जखम भरल्यावर डॉक्टरांनीं किरणोपचार सांगितला. आठवड्यांतून पांच दिवस सकाळीं पुतण्यानें त्यांना रुग्णालयांत न्यावें, दहा-पंधरा मिनिटांत तें काम उरकावें आणि अकराच्या आंत त्यांनीं घरीं परतावें, असा क्रम पांच आठवडे चालावयाचा होता. पहिला आठवडा सरला नाहीं तोंच माझ्या लक्षांत आलें कीं, वहिनींचें पान पंक्तींतून हालून माजघराच्या कोपऱ्यांत गेलें आहे. पेला निराळा, पंचा निराळा, उशीचा अभ्रा निराळा भिजत घातलेला. आणि त्यांचा सात महिन्यांचा नातू, जो एरवीं त्यांच्या मांडीवरून उतरत नसे, तो दिवसभर वरच्या मजल्यावर. कोणी कांहीं बोललें नव्हतें. एकत्र कुटुंबांत असले निर्णय बोलून होतच नाहींत. ते आपोआप होतात आणि मग मोडावयास जड जातात. वहिनींनींहि विचारलें नाहीं. एकदां मात्र नातवाचें रडणें ऐकूं आलें तेव्हां त्या उठून जिन्यापर्यंत गेल्या आणि कठड्यावर हात ठेवून तशाच परत फिरल्या.

हें मीं पाहिलें. आणि पस्तीस वर्षें शाळेंत मुलांना शिकविलेला मी दहा दिवस गप्प राहिलों. खरें सांगावयाचें तर मलाहि ठाऊक नव्हतें. किरण म्हणजे कांहीं तरी अणूचें, आणि अणूचें म्हणजे हिरोशिमा, एवढीच माझ्या ज्ञानाची मजल. अखेर एके सकाळीं पुतण्याऐवजीं मी वहिनींबरोबर गेलों आणि तेथील तज्ज्ञ बाईंना विचारलें, “यांच्या अंगांत ते किरण किती वेळ राहतात?” त्या म्हणाल्या, “काका, दिवा मालवल्यावर खोलींत उजेड किती वेळ राहतो?” आणि मग थोड्या थांबून, “घरीं यांना कोणी वेगळें तर ठेवलें नाहीं ना?” मला खालीं पाहावें लागलें.

माझें काम त्या प्रतिप्रश्नानें झालें. घरांतल्या मंडळींचें मात्र तेवढ्यानें होईना. त्यांना समजावतांना जें मला स्वतःला उमगलें तेंच येथें वाचकांपुढें ठेवितों.

देवघरांतली समई डोळ्यांपुढें आणावी. समईचा उजेड अंगावर पडणें ही एक गोष्ट. समई कलंडून तिच्यांतलें तेल अंगावर सांडणें ही अगदीं दुसरी. किरण लागणें म्हणजे उजेड पडणें. किरण फेंकणारें द्रव्य, म्हणजे ज्याला किरणोत्सारी द्रव्य म्हणतात तें, अंगाला, कपड्यांना लागणें किंवा श्वासावाटे, अन्नावाटे पोटांत जाणें म्हणजे तेल सांडणें. आणि हें तेल असें चमत्कारिक कीं, जेथें सांडेल तेथें तें जळतच राहतें. तेलानें माखलेला मनुष्य दुसऱ्यास शिवला तर त्यासहि डाग लागतो. परंतु उजेडांत बसून आलेल्या मनुष्यास शिवल्यानें कोणाचें अंग उजळल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. उजेड प्रखर असेल तर ज्याच्यावर पडला त्याचें अंग भाजेल, तो मरेलहि; तरीसुद्धां त्याच्यापासून दुसऱ्यास बाधा नाहीं. वहिनींना बाहेरून यंत्रानें किरण दिले जात होते. तें यंत्र थांबलें कीं सर्व थांबलें. त्यांचा पेला, त्यांचें पान, त्यांची मांडी हीं सर्व पूर्वीं होतीं तशींच होतीं. आपल्या मनास स्पर्शास्पर्शाची संवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे (तिनें माणसांचें किती नुकसान केलें हा निराळा आणि फार मोठा विषय आहे), आणि ज्याचें स्वरूप कळत नाहीं त्यास आपण प्रथम ओंवळें ठरवितों.

नाशिक जिल्ह्यास हा प्रश्न पूर्वींहि एकदां पडून गेला आहे. लासलगांव येथें २००२-०३ च्या सुमारास भाभा अणुसंशोधन केंद्रानें ‘कृषक’ म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र उभारलें. तेथें जाड काँक्रीटच्या भिंतींआड कोबाल्ट-६० ठेवलेला असतो व कांद्यांच्या राशी त्याच्यासमोरून नेल्या जातात. हेतु एवढाच कीं, कांद्याला कोंब फुटूं नये. किरण मोजण्याचें माप ‘ग्रे’ हें आहे; कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे पुरतात. कांद्याचें सडणें त्यानें थांबत नाहीं, हें शेतकऱ्यांस ठाऊक आहे. त्यासाठीं चाळींत हवा खेळती लागते ती लागतेच. केंद्र सुरू झालें तेव्हां आमच्या आत्याबाईंनीं मला विचारलें होतें, “तो कांदा शिवावयाचा कीं नाहीं?” चातुर्मास संपेपर्यंत ज्यांना कोणताच कांदा शिवावयाचा नव्हता त्यांना ही चिंता पडावी याची मला तेव्हां मौज वाटली होती. आतां वाटत नाहीं, कारण पुढें मीं तोच प्रश्न वहिनींविषयीं मनांतल्या मनांत विचारला. उत्तर दोन्हीकडे एकच. कोबाल्टच्या किरणांनीं कांदा किरणोत्सारी होत नाहीं. त्याच केंद्रांतून २००७ सालीं अमेरिकेस आंबा रवाना झाला, त्यास तर कीड मरावी म्हणून निदान ४०० ग्रे द्यावे लागतात. आणि तो आंबा लोकांनीं खाल्ला.

येथें एक कोडें आहे. साऱ्या शरीरावर एकदम चार-पांच ग्रे पडले आणि उपचार झाले नाहींत तर शंभरांतलीं निम्मीं माणसें महिन्या-दोन महिन्यांत दगावतात. मग साठ ग्रे खाऊन कांदा जसाच्या तसा कसा राहतो? उत्तर त्या कोंबांत आहे. किरणांचा घाव बसतो तो मुख्यतः पेशींच्या बीजभागावर, आणि घाव उघडा पडतो ती पेशी दुभागूं लागली म्हणजे. कांद्याचा गर निजलेला असतो. वाढूं पाहतो तो आंतला अंकुर, म्हणून अंकुर तेवढा मरतो. मनुष्याच्या शरीरांतहि कांहीं ठिकाणें सदैव अंकुरत असतात. हाडांतील मगज, जेथें रक्त तयार होतें, आंतड्याचें अस्तर, केसांचीं मुळें, त्वचेचा तळचा थर. रोगाचीं सर्व लक्षणें या यादींतून निघतात. प्रथम कांहीं तासांत मळमळ व उलट्या. मग, आणि हें फार फसवें आहे, कांहीं दिवस ते दोन-तीन आठवडे रोग्यास बरें वाटतें; घरचे सुटलों म्हणतात. तेवढ्या अवधींत जुन्या रक्तपेशी संपत असतात आणि नव्या जन्मत नसतात. मग ताप, तोंड येणें, हिरड्यांतून रक्त, केस गळणें, अतिसार. चांगला डॉक्टर म्हणून पहिल्या दोन दिवसांतच रक्तांतील लिम्फोसाइट नांवाच्या पांढऱ्या पेशी पुनःपुन्हां मोजतो. त्या किती वेगानें घटतात यावरून किती किरण लागले याचा अंदाज येतो.

कर्करोगाच्या गांठीवर किरण सोडतात तेंहि याच कारणास्तव. ती गांठ म्हणजे भलत्या ठिकाणीं फुटलेला कोंबच होय. वहिनींना पंचवीस वेळां मिळून ५० ग्रे द्यावयाचे होते. आंकडा ऐकून पुतण्या दचकला. परंतु हे ५० ग्रे साऱ्या शरीरास नव्हेत, छातीच्या नेमक्या भागास. आणि एकदम नव्हेत, रोज दोन-दोन. मधल्या वेळांत निरोगी पेशी आपली दुरुस्ती करून घेतात, रोगट पेशींना ती तितकीशी साधत नाहीं. त्वचा काळवंडली, थकवा आला. केस मात्र गळले नाहींत, कारण डोक्यावर किरण पडतच नव्हते.

उजेडानें खरोखर भाजल्याचें उदाहरण आपल्या देशांतलेंच आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागांत कोबाल्ट-६० असलेलें एक जुनें यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होतें. फेब्रुवारी २०१० मध्यें तें भंगार म्हणून लिलावांत गेलें आणि मायापुरीच्या बाजारांत फोडलें गेलें. आंत काय आहे तें कोणास ठाऊक? एका दुकानदारानें त्यांतला एक तुकडा पैशाच्या पाकिटांत घातला व पाकीट खिशांत घेऊन तो हिंडला. त्याचें अंग तेवढ्याच जागीं खोल भाजलें. इतरांना उलट्या, काळवंडलेली त्वचा, गळणारे केस. एप्रिलमध्यें खरें कारण उमगलें, तज्ज्ञांनीं तुकडे शोधून काढले. परंतु एक कामगार त्या महिन्याच्या अखेरीस दगावला. सातपूर-अंबडकडे कारखाने आणि भंगार दोन्ही आहेत, म्हणून हें विस्तारानें सांगितलें. पिवळ्या पाटीवर मध्यें ठिपका व भोंवतीं तीन पाती अशी खूण ज्या वस्तूवर दिसेल तिला हात न लावतां लांब व्हावें आणि पोलिसांस कळवावें. आणि कारण न सांपडणाऱ्या भाजल्याबरोबर उलट्या असतील तर डॉक्टरांस आपण होऊन सांगावें कीं, अमुक दिवशीं अमुक धातूची वस्तु हाताळली होती.

तेल सांडल्याचें उदाहरण ब्राझील देशांतलें आहे, आणि तें वाचून मला दोन रात्री नीट झोंप लागली नाहीं. सप्टेंबर १९८७ मध्यें गोयानिया शहरांतल्या एका ओस पडलेल्या दवाखान्यांतून किरणोपचाराचें यंत्र दोघांनीं उचलून नेलें. त्यांत सीझियम-१३७ ची भुकटी होती. ती अंधारांत निळसर चमके. लोकांनीं ती नवलाईची वस्तु म्हणून आप्तेष्टांत वाटली, अंगाला चोळली. सहा वर्षांच्या एका मुलीच्या हाताला ती लागली होती आणि तिनें त्याच हातानें खाल्लें. चौघे दगावले, त्यांत ती मुलगी होती. सुमारें १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली. २४९ जणांच्या अंगावर वा अंगांत तें द्रव्य सांपडलें.

आतां उपचार. येथेंहि उजेड कीं तेल, हा प्रश्न आधीं सोडवावा लागतो. नुसता उजेड लागला असेल तर लागलेले किरण काढून टाकणारें औषध जगांत नाहीं. काढण्यासारखें अंगांत कांहीं उरलेलेंच नसतें. झालेली हानि भरून येईतों रोग्यास जगवावयाचें, हाच उपचार. पांढऱ्या पेशी लवकर वाढाव्यात म्हणून फिलग्रास्टिमसारखीं इंजेक्शनें देतात. कर्करोगाच्या रोग्यांना तीं पूर्वींपासून देत, किरणांच्या बाधेसाठीं अमेरिकेंत त्यांस २०१५ सालीं मान्यता मिळाली. रक्त व रक्तबिंबिका चढवितात, जंतुनाशक औषधें देतात, क्वचित् मगजाचें रोपण करितात. आणि रोग्यास वेगळ्या खोलींत ठेवितात. ही वेगळी खोली पाहून नातलगांचा गैरसमज दुणावतो. ती आपल्या रक्षणासाठीं नसते. रोग्याची प्रतिकारशक्ति संपलेली असते, आपल्या साध्या पडशानें त्याचा जीव जाईल, म्हणून ती असते. ओंवळे तेथें आपण असतों.

तेल सांडलें असेल तर पहिला उपचार कोणत्याहि घरांत होण्याजोगा आहे. अंगावरचे कपडे हलकेच उतरवून पिशवींत बांधून दूर ठेवावे. बाहेरून लागलेल्या द्रव्याचा दहांतला नऊ हिस्सा भाग एवढ्यानेंच जातो. मग कोमट पाणी व साबण यांनीं अंग व केस धुवावे, पण खरवडून घासूं नये, कारण त्वचा सोलली कीं द्रव्यास आंत वाट मिळते. द्रव्य आंत गेलें असेल तर मात्र तें कोणतें हें कळल्यावांचून औषध नाहीं. कांशाचें भांडें राखेनें आणि तांब्याचें चिंचेनें उजळतें, हें घरच्या बायकांना सांगावें लागत नाहीं. तसेंच हें आहे. सीझियमवर प्रशियन ब्लू, म्हणजे चित्रकारांच्या पेटींतला निळा रंग, अर्थात् औषधासाठीं शुद्ध केलेला. तो आंतड्यांत सीझियमला धरून शौचावाटे बाहेर नेतो. एरवीं शरीरांतील सीझियम निम्मा होण्यास सुमारें ११० दिवस लागतात, ते त्यानें ३० वर येतात. गोयानियांत ४६ जणांना तो दिला होता. प्लुटोनियमवर डी. टी. पी. ए. नांवाचें औषध शिरेंतून. आणि किरणोत्सारी आयोडिनवर पोटॅशियम आयोडाइडची गोळी.

या शेवटच्या गोळीविषयीं फार भ्रम आहेत. गळ्यांतली थायरॉइड ग्रंथि साध्या आयोडिनानें आधींच भरून टाकावयाची, म्हणजे बाधक आयोडिनला जागा उरत नाहीं, एवढेंच तिचें काम. ती बाधेच्या थोडी आधीं किंवा नंतर थोड्या तासांतच घ्यावी लागते, मुलांना तिचा लाभ सर्वांत अधिक, आणि कोबाल्ट, सीझियम वा क्ष-किरण यांवर ती निरुपयोगी आहे. तारापूरची अणुवीज १९६९ पासून आहे, म्हणून तिकडच्या आप्तांनीं गोळ्या घरांत आणून खाव्या असें मुळींच नाहीं. सरकारी सूचना आल्यावरच ती घ्यावयाची. २०११ च्या मार्चमध्यें जपानांत फुकुशिमा येथें अपघात झाला तेव्हां चीनमधील लोकांनीं आयोडिनयुक्त मिठासाठीं दुकानांत झुंबड केली होती. मिठांत आयोडिन इतकें अल्प असतें कीं, गोळीएवढें पोटांत जावयाचें तर आधीं मीठच बाधेल. जखमेवर लावावयाचें टिंक्चर आयोडिन तर विषारी आहे. तें कोणीं कदापि पिऊं नये.

आमच्या घरांतली चूक मीं सांगितली. आतां आळींतली उलट चूक सांगतों. त्याच सुमारास आमच्या परिचयाचे एक गृहस्थ थायरॉइड वाढल्यामुळें रुग्णालयांत आयोडिन-१३१ घेऊन आले. हा उपचार आपल्याकडे जुना आहे. परळचें ‘रेडिएशन मेडिसिन सेंटर’ १९६३ सालीं स्थापन झालें. ना यंत्र, ना खोली. एक औषध गिळलें आणि रिक्षेनें घरीं. “किरण-बिरण कांहीं नाहीं, नुसती गोळी आहे,” असें म्हणून ते संध्याकाळीं ओटीवर नातीला मांडीवर घेऊन बसले. वस्तुतः येथें उजेड नव्हता, तेलच होतें, आणि तें अंगांत होतें. रुग्णालयानें सूचनांचा कागद दिला होता. तो इंग्रजींत होता आणि घडी घालून खिशांत राहिला. मीं तो मागून घेतला व मराठींत उतरवून दिला. डॉक्टरांनीं सांगितलेले दिवस लहान मुलें आणि गर्भवती स्त्रिया यांच्यापासून दूर राहावें, निराळें निजावें. भांडीं, टॉवेल निराळे, कारण लाळ व घाम यांतून तें द्रव्य बाहेर येतें. लघवींतून तर सर्वांत अधिक, म्हणून शौचकूपांत दोनदां पाणी सोडावें, बसून लघवी करावी, हात धुवावे. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीनें पाजणें आधींच बंद करावयाचें असतें. म्हणजे वहिनींच्या बाबतींत जें जें आम्हीं विनाकारण केलें तें तें येथें अवश्य होतें.

हें सोयर-सुतकासारखें ठराविक दिवशीं फिटत नाहीं. दहा दिवस झाले, अकराव्या दिवशीं स्नान केलें आणि शुद्ध झालों, असा येथें नियम नाहीं. आयोडिन-१३१ दर आठ दिवसांनीं निम्में होतें: आठ दिवसांनीं निम्में, सोळा दिवसांनीं चतुर्थांश, आणि ऐंशी दिवसांनीं सुमारें सहस्रांश. शरीरांतून बाहेर पडत असल्यामुळें प्रत्यक्षांत तें याहूनहि लवकर घटतें. कोबाल्ट-६० निम्मा होण्यास मात्र सव्वापांच वर्षें लागतात, आणि सीझियमला तीस. मायापुरीचें यंत्र पंचवीस वर्षें पडून राहूनहि प्राणघातक होतें याचें कारण हेंच.

दूरच्या परिणामांविषयींहि घरोघर कुजबूज असते, विशेषतः मुलीचें लग्न जमविण्याच्या वेळीं. हिरोशिमा व नागासाकी येथें १९४५ सालीं वांचलेल्या लोकांची दशकानुदशकें पाहणी झाली आहे. त्यांच्यांत कांहीं वर्षांनीं रक्ताचा कर्करोग वाढला, पुढें इतर अवयवांचेहि; आणि जितके किरण अधिक तितका तो धोका अधिक. त्या वेळीं जीं मुलें पोटांत होतीं त्यांतल्या कांहींच्या मेंदूची वाढ खुंटली, म्हणूनच दिवस गेलेल्या स्त्रीनें क्ष-किरण काढण्यापूर्वीं तसें सांगितलेंच पाहिजे. परंतु वांचलेल्यांना पुढें जीं मुलें झालीं त्यांच्यांत आनुवंशिक रोग वाढल्याचें या पाहणींत आढळलें नाहीं. ज्या मुलीस लहानपणीं किरणोपचार झाला तिला पुढें मूल होईल कीं नाहीं, हें किरण शरीराच्या कोणत्या भागावर पडले यावर ठरतें व तें डॉक्टरांस विचारावें. तिच्या रक्तांत कांहीं ‘उतरलें आहे’ असें म्हणून स्थळ मोडणाऱ्यांस यांत आधार सांपडणार नाहीं.

रुग्णालयांतून परतल्यावर त्या दिवशीं मीं कांहीं व्याख्यान दिलें नाहीं. पानें मांडली जात होतीं. माजघरांतला पाट उचलून मीं पंक्तींत माझ्या शेजारीं ठेविला. धाकटी सून एक क्षण माझ्याकडे पाहत राहिली, मग वर गेली आणि नातवाला खालीं घेऊन आली. वहिनी म्हणाल्या, “अहो, विचारलेंत का नीट?” मीं म्हटलें, “विचारलें.” पंचवीस फेऱ्या ज्येष्ठांत पुऱ्या झाल्या. कांदेनवमीला भजीं त्यांनींच तळलीं. कांदा लासलगांवच्या बाजारांतला होता, कोबाल्टसमोरून गेलेला कीं तसाच, तें कोणीं विचारलें नाहीं.

पुण्याच्या एका वाचकभगिनींनीं विचारलें आहे कीं, सासूबाईंचे वर्षांत चार वेळां क्ष-किरण आणि दोन वेळां सी. टी. झाले, हें फार झालें काय? या दोन्हींत किरणांच्या प्रमाणाचें अंतर पुष्कळ आहे. त्याविषयीं पुढील अंकीं.